गोरिलांचा कैवारी

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस विरुंगा नावाची पर्वतरांग आहे. या रांगेत आठ मोठे ज्वालामुखी आहेत. त्यांपैकी दोन अद्यापही जागृत असून रात्रीच्या वेळी त्यांच्या मुखांवरील आकाश तांबूस दिसते. उरलेले पर्वत दीर्घ काळापासून निद्रिस्त आहेत. त्यांच्या उतारांवर दाट अरण्य माजले आहे. पायथ्याशी बांबूची बेटे आहेत. त्यांच्या वर हॅजेनिया नावाच्या प्राचीन वृक्षांची राई लागते. या वृक्षांच्या वाकड्यातिकड्या फांद्यांवरून शेवाळाच्या लांबच लांब दाढ्या लोंबत असतात. तेथे बहुतेक दिवस धुके असते आणि पाऊस तर नित्याचाच असतो.

एके काळी हे अरण्य फार दूरवर पसरलेले होते. आज मात्र खालच्या सुपीक भूमीवर बटाटे, मका आणि घेवडा यांची शेते थेट वनाच्या कडेला येऊन भिडली आहेत. समुद्रातून एखादे बेट वर यावे, त्याप्रमाणे शेतांच्या मधून हे वन उरले आहे. या उरल्यासुरल्या वनात पहाडी गोरिला राहतात. जगाच्या पाठीवर या जातीचे गोरिला येथे आणि येथून थोड्या अंतरावरील दुसऱ्या एका वनप्रदेशातच आढळतात.

याच रांगेतील मिकेनो पर्वताच्या खांद्यावर, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एका मनुष्याचे दफन करण्यात आले. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, आणि त्याची जन्मभूमीही आफ्रिका नव्हती. तो प्रथम या पर्वतावर आला, तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती. गोरिलांची शिकार करण्यासाठीच तो आला होता. परंतु पुढे त्याच गोरिलांच्या रक्षणासाठी तो झटला, आणि अखेर त्यांच्याच वनात त्याने देह ठेवला. या मनुष्याचे नाव कार्ल एक्ली.

कार्लचा जन्म १९ मे १८६४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्लॅरेंडन या खेड्याजवळ झाला. त्याचे वडील शेतकरी होते. घरची स्थिती बेताचीच होती आणि शेतावर काम भरपूर होते. त्यामुळे कार्लला शाळेचे शिक्षण फारसे लाभले नाही. शाळेची उणीव त्याने शेताच्या बांधावर आणि ओढ्याच्या काठी भरून काढली. पक्षी कसा बसतो, ससा कान कसे टवकारतो, खार झाडावर कशी चढते, हे तो तासन् तास पाहत राही.

तो सुमारे बारा वर्षांचा असतानाची एक गोष्ट सांगतात. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंचा पाळलेला पिवळा पक्षी थंडीने मेला. बाईंना अतिशय दुःख झाले. कार्लने तो मृत पक्षी मागून घेतला, रात्री बसून त्याची त्वचा काढली, आत भरण भरले आणि डोळ्यांच्या जागी मणी बसवले. पक्षी पुन्हा पूर्वीसारखा बसलेला पाहून बाईंना मोठे समाधान वाटले. या दिवसापासून मृत प्राण्यांना जिवंतपणाचे रूप देण्याच्या विद्येचा कार्लला छंद लागला. या विद्येवरील एक पुस्तक त्याने कोणाकडून तरी मिळवले आणि त्याची पारायणे केली. सोळाव्या वर्षी तर त्याने आपल्या नावाची पत्रके छापून घेतली आणि हे काम आपण कलात्मक रीतीने करतो असे त्यांवर नमूद केले.

एकोणिसाव्या वर्षी तो रॉचेस्टर शहरातील एका प्रसिद्ध कारखान्यात काम मागण्यासाठी गेला. देशोदेशींच्या वस्तुसंग्रहालयांना पेंढा भरलेले प्राणी पुरवणारा हा कारखाना वॉर्ड नावाच्या प्राध्यापकांचा होता. खेड्यातील या लाजाळू मुलाला आत जाण्याचा धीर होईना. तो बराच वेळ त्या दाराबाहेर येरझारा घालीत राहिला. शेवटी मन घट्ट करून तो आत शिरला आणि आठवड्याला साडेतीन डॉलर वेतनावर कामास लागला.

परंतु तेथील कामाची रीत पाहून त्याची निराशा झाली. प्राण्याचे कातडे उलटे टांगावयाचे, त्यात पेंढा आणि चिंध्या ठासून भरावयाच्या, आणि ते फुगले की शिवून टाकावयाचे, अशी ती रीत होती. अशा प्राण्याला ना स्नायू दिसत, ना हाडांची ठेवण दिसे. वाघ असो की हरिण, सारेच भरलेल्या पोत्यासारखे भासत. कार्लला हे पाहवत नसे. जो प्राणी एकदा जिवंत होता, त्याला असे विद्रूप करणे म्हणजे त्याचा अपमान आहे, असे त्याच्या मनाने घेतले.

१८८५ मध्ये जंबो नावाचा सर्कशीतील विख्यात हत्ती कॅनडात आगगाडीची धडक बसून मरण पावला. त्याचे कातडे उभे करण्याचे अवघड काम वॉर्ड यांच्या कारखान्याकडे आले आणि त्यात एक्लीने मोठा भाग उचलला. एवढे प्रचंड जनावर नुसता पेंढा भरून उभे राहणार नाही, आतून भक्कम सांगाडा हवा, हे त्यास तेथे कळून आले.

पुढील वर्षी तो मिलवॉकी शहरातील वस्तुसंग्रहालयात गेला. तेथे आणि नंतर शिकागो येथील मोठ्या संग्रहालयात त्याने आपली स्वतंत्र रीत सिद्ध केली. तो प्रथम प्राण्याच्या शरीराची मापे घेई. मग ओल्या मातीत त्याचा पूर्ण आकाराचा पुतळा घडवी. प्रत्येक स्नायू, प्रत्येक शीर, कातडीची प्रत्येक घडी तो त्या मातीत उमटवी. त्या पुतळ्यावरून साचा काढून आत हलका पण टणक देह तयार करी, आणि त्यावर खरे कातडे बसवी. प्राण्याभोवती त्याच्या प्रदेशातील गवत, पाने, दगड मांडून मागे निसर्गाचे चित्र रंगवून घेई. हरिणांचे चार ऋतूंतील देखावे करताना तर हजारो पाने मेणाची घडवावी लागली. ती घडवण्यात त्याची पत्नी डेलिया हिने फार साहाय्य केले. हे देखावे पाहणाऱ्यांस आपण रानातच उभे आहोत असा भास होई.

तथापि या कामासाठी प्राणी मारावे लागत. एक्लीला त्या काळी यात काही वावगे वाटत नव्हते. आफ्रिकेतील वन्य प्राणी शिकाऱ्यांच्या बंदुकांपुढे झपाट्याने नाहीसे होत आहेत, ते पुढील पिढ्यांना पाहावयास मिळणार नाहीत, म्हणून निदान त्यांच्या हुबेहूब प्रतिमा तरी राखून ठेवाव्यात, असा त्याचा विचार होता.

या कामासाठी त्याने आफ्रिकेच्या पाच सफरी केल्या. १८९६ मधील पहिल्याच सफरीत, सोमाली लोकांच्या प्रदेशात, तो मृत्यूच्या दाढेतून परतला. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात त्याने झुडपात हालचाल पाहून गोळी झाडली. ती एक बिबट्याची मादी होती. जखमी झालेल्या त्या मादीने त्याच्यावर झेप घेतली. बंदूक हातातून उडून पडली. मादीने त्याचा उजवा दंड जबड्यात धरला. एक्लीने डाव्या हाताने तिचा गळा आवळला आणि आपला उजवा हात तिच्या जबड्यातून काढून घेण्याऐवजी उलट तिच्या घशात खोल खोल खुपसला. झटापटीत दोघेही भूमीवर कोसळले. मादी खाली आणि एक्ली वर होता. त्याने दोन्ही गुडघ्यांचा भार तिच्या छातीवर टाकला. तिच्या फासळ्या मोडल्या आणि ती निश्चेष्ट झाली. रक्तबंबाळ अवस्थेत तो छावणीवर परतला.

दुसरा प्रसंग याहूनही भयंकर होता. १९१० मध्ये केनिया पर्वताच्या अरण्यात एक हत्ती अकस्मात त्याच्यावर चालून आला. बंदूक उचलण्यास अवधीच मिळाला नाही. एक्लीने दोन्ही हातांनी हत्तीचे दोन सुळे धरले आणि तो त्यांच्या मध्ये लोंबकळला. हत्तीने त्याला भूमीवर दाबले. सुळे मातीत रुतले, आणि ते खाली कठीण वस्तूला अडल्यामुळेच एक्लीच्या देहाचा चेंदामेंदा झाला नाही. तरीही त्याचा चेहरा फाटला आणि फासळ्या मोडल्या. बरोबरच्या हमालांना तो मेला असेच वाटले. ही वार्ता कळताच डेलियाने रात्रीच्या अंधारात, पावसातून, अरण्याची वाट तुडवून त्याला गाठले. तिच्या या धैर्यामुळेच तो वाचला.

अंथरुणावर पडून असताना त्याच्या मनात एका भव्य दालनाची कल्पना आली. आफ्रिकेतील सारी प्राणिसृष्टी, तेथील डोंगर, नद्या आणि वनांसह, एकाच दालनात दाखवावयाची, असा तो संकल्प होता. न्यूयॉर्क येथील अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तो मान्य केला.

एक्ली हा कल्पक कारागीरही होता. शिकागोच्या संग्रहालयाच्या इमारतीचा गिलावा ढासळू लागला, तेव्हा त्याने गिलाव्याचा फवारा मारणारे यंत्र तयार केले. बोगदे, कालवे आणि इमारती यांवर सिमेंटचा थर देण्यासाठी जी यंत्रे आज जगभर वापरली जातात, त्यांचे मूळ या यंत्रात आहे. तसेच, आफ्रिकेत प्राण्यांची चलच्चित्रे घेताना त्या वेळचे अवजड कॅमेरे पळत्या प्राण्याच्या मागे वळवता येत नसत. म्हणून त्याने स्वतःच एक नवा कॅमेरा बनवला. तो कोणत्याही दिशेस सहज फिरत असे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने हा कॅमेरा वापरला.

हाच कॅमेरा घेऊन १९२१ मध्ये एक्ली विरुंगा पर्वतावर गेला. तो प्रदेश त्या काळी बेल्जियमच्या ताब्यातील काँगो वसाहतीत मोडत असे. पहाडी गोरिलांची ओळख शास्त्रज्ञांना १९०२ मध्ये प्रथम झाली होती. तेव्हापासून निरनिराळ्या देशांचे शिकारी तेथे येत आणि गोरिला मारून नेत. एका युरोपीय राजपुत्राच्या सफरीत तर चौदा गोरिला मारले गेले होते. गोरिला हा अतिशय क्रूर राक्षस असून माणूस दिसताच तो त्याच्यावर तुटून पडतो, अशा कथा प्रवाशांनी पसरवल्या होत्या. त्यामुळे अशा प्राण्याला मारणे हा मोठाच पराक्रम मानला जाई.

एक्लीचा या कथांवर विश्वास नव्हता. म्हणूनच त्याने या सफरीत आपल्या एका मित्रास, त्याच्या पत्नीस आणि त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीसही बरोबर घेतले होते. गोरिलांच्या रानात लहान मुलीसही नेता येते, हे जगाला दाखवावे असा त्याचा हेतू होता. परंतु न्यूयॉर्कच्या दालनासाठी त्यास गोरिलांचे एक कुटुंब हवे होते, आणि त्यासाठी बंदूक चालवणे भाग होते.

स्थानिक वाटाड्यांच्या मागोमाग ओल्या झाडीतून, कधी हातांनी मुळ्या धरून, तर कधी गुडघ्यांवर रांगत, तो मिकेनोचा उतार चढू लागला. हत्तीने केलेल्या जखमांमुळे आणि वारंवार येणाऱ्या तापामुळे त्याचे शरीर पूर्वीचे राहिले नव्हते. अखेर त्यास एक वृद्ध नर दिसला आणि त्याने तो टिपला. नर त्याच्यावर धावून आला नव्हता. त्याच्या मुखावरून साचा घेण्यासाठी एक्ली खाली बसला, तेव्हा त्यास त्या चेहऱ्यावर क्रौर्याची खूण कोठेच दिसेना. तो एखाद्या शांत, समजूतदार वृद्धाचा चेहरा होता. पुढे त्याने प्रत्येक गोरिलाच्या मुखाचा असाच साचा घेतला. दोन माणसांची मुखे जशी सारखी नसतात, तशीच कोणत्याही दोन गोरिलांची मुखे सारखी नाहीत, असे त्यास आढळून आले.

त्यानंतर एके दिवशी एक मादी त्याच्या गोळीने पडली. तिच्याबरोबर सुमारे चार वर्षांचे तिचे पिल्लू होते. वाटाड्यांनी त्या पिल्लाला भाल्यांनी विद्ध केले. एक्ली जवळ गेला, तेव्हा पिल्लात अजून धुगधुगी होती. त्या पिल्लाच्या डोळ्यांतील केविलवाणा भाव पाहून त्याच्या काळजाचे पाणी झाले. हत्ती, सिंह, गेंडे यांची शिकार करताना जे त्यास कधी जाणवले नव्हते, ते आज जाणवले. आपण शिकारी नसून खुनी आहोत, असे त्याच्या मनाने त्यास बजावले.

याच सफरीत त्याने आपल्या कॅमेऱ्याने रानात मोकळ्या फिरणाऱ्या गोरिलांची चलच्चित्रे घेतली. अशी चित्रे त्यापूर्वी कोणीही घेतलेली नव्हती. माता आणि तिची मुले यांची ती चित्रे होती. त्यांत राक्षस कोठेच नव्हता. संग्रहालयासाठी पाच गोरिला मिळताच एक्लीने शिकार थांबवली.

तो पर्वतावरून उतरला तो एक निश्चय करूनच. आपण नेलेल्या पाच प्राण्यांच्या प्रतिमा कितीही हुबेहूब साधल्या, तरी त्या श्वास घेणार नाहीत, हे त्यास आता पुरते उमगले होते. या तीन पर्वतांवर मोजकेच गोरिला उरले होते. शिकारी असेच येत राहिले, तर थोड्याच वर्षांत या जातीचा पृथ्वीवर मागमूसही राहणार नाही, हे उघड होते. ज्या वनात ते राहतात ते वनच राखले पाहिजे. तेथे बंदुकीला बंदी असावी, कुऱ्हाड चालू नये, आणि शास्त्रज्ञांनी तेथे राहून या प्राण्यांचे शांतपणे निरीक्षण करावे, अशी त्याची योजना होती.

अमेरिकेस परतल्यावर त्याने या कार्यास वाहून घेतले. त्याने लेख लिहिले, व्याख्याने दिली, चलच्चित्रे दाखवली, विद्वानांचे साहाय्य मिळवले आणि बेल्जियमच्या राजदूतामार्फत आपली योजना बेल्जियमचा राजा आल्बर्ट याच्यापर्यंत पोहोचवली. या राजाने १९१९ मध्ये अमेरिकेचा प्रवास केला होता आणि तेथील राष्ट्रीय उद्याने पाहिली होती. त्यामुळे एक्लीच्या योजनेचे मोल त्यास तत्काळ पटले. २१ एप्रिल १९२५ रोजी राजाज्ञा निघाली. मिकेनो, कारिसिम्बी आणि व्हिसोके या तीन पर्वतांवरील अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि त्यास राजाचेच नाव देण्यात आले. आफ्रिका खंडातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय.

या राजाज्ञेला एक उणी बाजूही होती. परदेशी राजाने दूर देशी बसून ती काढली होती. त्या वनात पिढ्यान् पिढ्या मध गोळा करणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या किंवा गुरे चारणाऱ्या लोकांना कोणी काही विचारले नव्हते. वन राखावयाचे तर त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसांचाही विचार केला पाहिजे, ही जाणीव जगाला पुष्कळ उशिरा झाली.

१९२६ मध्ये एक्ली पुन्हा आफ्रिकेत आला. या वेळी त्याची दुसरी पत्नी मेरी, देखाव्यांची पार्श्वभूमी रंगवणारा चित्रकार विल्यम ली आणि डेर्शाइड नावाचा तरुण बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ त्याच्याबरोबर होते. गोरिलांच्या देखाव्यामागील चित्र प्रत्यक्ष त्या जागी बसून रंगवावयाचे, वनस्पतींचे नमुने घ्यावयाचे, आणि नव्या उद्यानाची पाहणी करून गोरिलांची संख्या व राहण्याची ठिकाणे निश्चित करावयाची, असा बेत होता. परंतु एक्लीची प्रकृती साथ देईना. वाटेत नैरोबी येथे त्यास रुग्णालयात राहावे लागले. सोबत्यांनी विश्रांतीचा आग्रह केला, पण त्याचे चित्त मिकेनोकडे लागले होते.

पर्वताचा चढ अतिशय उभा होता. पाऊस, चिखल आणि कडाक्याची थंडी यांत पायी चालण्याची शक्ती एक्लीत उरली नव्हती. हमालांनी त्यास झोळीत घालून वर नेले. मिकेनो आणि कारिसिम्बी यांच्या मधल्या खिंडीत, काबारा नावाच्या ठिकाणी, छावणी पडली. पाच वर्षांपूर्वी हाच प्रदेश त्यास सर्व आफ्रिकेत अधिक सुंदर वाटला होता. तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १७ नोव्हेंबर १९२६ रोजी, त्या थंडगार तंबूत त्याचे निधन झाले. मृत्युसमयी तो ६२ वर्षांचा होता. खडकाळ भूमी खोदून सोबत्यांनी त्याच ठिकाणी त्यास मूठमाती दिली.

मेरीवर दुःखाचा डोंगर कोसळला, परंतु ती पर्वत सोडून गेली नाही. आठवड्यांमागून आठवडे त्या धुक्यात राहून तिने पतीचे काम पुरे करून घेतले. चित्रकाराने आपली चित्रे रंगवली. डेर्शाइडने उद्यानाची पाहणी पुढे नेली. १९२९ मध्ये उद्यानाची सीमा पुष्कळ वाढवण्यात आली. न्यूयॉर्कमधील आफ्रिकेचे दालन १९ मे १९३६ रोजी, एक्लीच्या जन्मदिनी, लोकांसाठी खुले झाले. मध्यभागी आठ हत्तींचा कळप आणि भोवती अठ्ठावीस देखावे, असे त्याचे रूप आहे. गोरिलांच्या देखाव्यात मागे मिकेनो पर्वत आणि दूरवर धुमसणारे ज्वालामुखी दिसतात. त्या चित्रातील भूमीपासून जवळच एक्लीचे दफन झाले होते.

एक्लीने योजिल्याप्रमाणे पुढे शास्त्रज्ञही त्या वनात आले. १९५९ मध्ये जॉर्ज शॅलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ काबारा येथे एक्लीच्या समाधीजवळच्या झोपडीत राहिला. त्याने बंदूक न बाळगता दीर्घ काळ गोरिलांचे निरीक्षण केले. गोरिला पाने, देठ आणि बांबूचे कोंब खाऊन राहतात, कुटुंब करून राहतात आणि विनाकारण कोणावर हल्ला करीत नाहीत, हे त्याने सप्रमाण दाखवून दिले. १९६७ मध्ये डायन फॉसी या अमेरिकन बाईंनीही आपल्या कार्याचा आरंभ काबारा येथेच केला. नंतर त्यांनी शेजारच्या रुआंडात अनेक वर्षे गोरिलांच्या सहवासात काढली. तेथेच १९८५ मध्ये त्यांची हत्या झाली.

काँगो आणि रुआंडा हे देश स्वतंत्र झाल्यावर उद्यानाचे दोन भाग झाले. काँगोमधील भागास १९६९ मध्ये विरुंगा राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,८०० चौरस किलोमीटर आहे. १९७९ मध्ये त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. परंतु संकटे संपली नाहीत. शेजारील प्रदेशांत युद्धे झाली. निराश्रित झालेल्या लाखो लोकांना चुलीसाठी लाकूड हवे होते. कोळशासाठी चोरून वृक्षतोड होऊ लागली, फासे लावले गेले, सशस्त्र टोळ्या वनात शिरल्या. या सर्वांना तोंड देत उद्यानाचे वनरक्षक उभे राहिले. ते त्याच भागातील गावांतून आलेले आहेत. त्यांपैकी दोनशेहून अधिक जणांनी आजवर कर्तव्य बजावताना प्राण वेचले आहेत.

या परिश्रमांचे फळ हळूहळू दिसू लागले. १९८१ च्या गणनेत विरुंगा पर्वतांवर केवळ २५४ गोरिला आढळले होते. २०१५-१६ च्या गणनेत ही संख्या ६०४ झाली. २०१८ मध्ये दोन्ही वनप्रदेश मिळून पहाडी गोरिलांची संख्या एक हजाराहून अधिक असल्याचे जाहीर झाले. धोका टळला असे अद्याप म्हणता येत नाही. तथापि जी जात नामशेष होण्याच्या मार्गावर होती, ती आज वाढत आहे.

कार्ल एक्लीने अनेक प्राणी मारले, ही गोष्ट खरी आहे. त्याने स्वतःही ती कधी लपवली नाही. परंतु चूक कळून आल्यावर तो नुसता हळहळत बसला नाही. ज्या हातांनी त्याने बंदूक चालवली होती, त्याच हातांनी त्याने लेखणी धरली आणि आपले उरलेले आयुष्य त्या चुकीची भरपाई करण्यात वेचले. न्यूयॉर्कच्या दालनातील त्याचे गोरिला आजही काचेआड स्तब्ध उभे आहेत. आणि दूर मिकेनोच्या उतारावर, धुक्याने भिजलेल्या हॅजेनियाच्या राईत, खऱ्या गोरिलांची पिल्ले आपल्या आयांच्या पाठीवर बसून रानातून हिंडत आहेत.